आंजूच्या फुल्कच्या सोयरिकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

फुल्क म्हणजे बाराव्या शतकातला, फ्रान्समधल्या आंजू परगण्याचा सरदार. मुलांच्या सोयरिकी जमवण्यात तो धोरणी होता असं मी मागच्या लेखात म्हणालो होतो, त्यावरची तुमची कॉमेंट दोनदा वाचली. ‘फुल्कला धोरणी म्हणता, पण निम्मी लग्नं तर फसली, मुली विकल्या ते वेगळंच, आणि तीन मटिल्डा वाचून डोकं भंजाळलं.’ मटिल्डांचं शंभर टक्के मान्य, माझीच चूक. इथे एक फुल्कची मटिल्डा आणि एक हेन्रीची मटिल्डा, दोन्ही लेकी. तिसरी हेन्रीची बायको, तिला आज सुट्टी.

पण ‘विकल्या’ काही पटत नाही हो, कारण माल उलटा जात होता. फुल्कची बायको आंजूशेजारच्या मेन परगण्याची वारस, आणि त्या मेनवर इंग्लंडचा राजा पहिला हेन्री, ज्याच्याकडे फ्रान्समधली नॉर्मंडीपण होती, तोही हक्क सांगायचा. १११९ मधे फुल्कनं आपली मटिल्डा हेन्रीच्या एकुलत्या औरस मुलाला दिली, हुंड्यात मेन. दीड वर्षाच्या आत व्हाइट शिप नावाचं जहाज बुडालं, नवरा गेला, ही त्या जहाजावर नव्हती म्हणून वाचली, आणि हेन्री हुंडा परत द्यायचं नावच काढेना. व्याह्यानं हुंडा दाबला की पुढे काय होतं ते आपल्या लोकांना मी काय सांगू!

फुल्कनं सरळ ११२३ मधे धाकटी सिबिला हेन्रीच्या पुतण्याला, विल्यम क्लिटोला देऊन टाकली, परत मेनचंच आमिष दाखवून. या क्लिटोचा बाप हेन्रीचा थोरला भाऊ, हेन्रीच्याच कैदेत, म्हणजे नॉर्मंडीवर पोराचा दावा जिवंत. हेन्री हादरला, रोमला पोपकडे खटपट केली आणि ११२४ मधे ‘नातं फार जवळचं’ म्हणून लग्न रद्द! आता बघा, सख्ख्या बहिणी दोन, नवरे एकमेकांचे सख्खे चुलतभाऊ, मग थोरलीच्या वेळी चाललेलं नातं धाकटीच्या वेळी कसं काय आडवं आलं? आणि ११२८ मधे फुल्कच्या ज्योफ्रीचं हेन्रीच्या मटिल्डाशी लग्न लागलं तेव्हा तर परत तेच नातं, पण कोणी हूं की चूं केलं नाही. (नवरा चौदाचा, नवरी सव्वीसची, सम्राटाची विधवा.) त्यांचा मुलगा ११५४ मधे इंग्लंडचा राजा झाला, मेनसकट. लग्नं फसली हे खरंय, पण फुल्क त्याच दारावर परत परत थाप मारत होता, मी त्यालाच धोरण म्हणालो.

मुलींना कोणी विचारलं नाही हे मात्र बरोबर, ते लेखात यायला हवं होतं. फुल्कची मटिल्डा शेवटी फोंतेव्रोच्या मठात गेली आणि पुढे तिथली प्रमुख झाली.

आणि स्वतः फुल्क? ११२९ मधे आंजू ज्योफ्रीला देऊन जेरुसलेमच्या राजाचा घरजावई झाला! सासरा गेल्यावर एकट्यानं कारभार करायला गेला, तर बायको राणी मेलिसांदच्या माणसांनी असं नाक दाबलं की नंतर क्षुल्लक गोष्टही तो तिच्या सल्ल्याशिवाय करेना, असं बाराव्या शतकातला इतिहासकार टायरचा विल्यम लिहून गेलाय. पुढचा लेख तिच्यावरच. त्यात मटिल्डा नाही, शब्द देतो.