आमच्याकडे एक मराठी अंकल ऑलरेडी आहेत

"सर, तुम्ही छानच आहात. पण आमच्याकडे एक मराठी अंकल ऑलरेडी आहेत."

परवा वर्सोव्याला, आराम नगरातल्या एका कास्टिंग एजन्सीच्या बंगल्यात, पुतणीच्या वयाच्या मुलीने मला हे ऐकवलं. अगदी गोड आवाजात. बोलण्यावरून डोंबिवलीची वाटली, म्हणून जास्त लागलं.

मी नाटकवाला. नाटकात एजंट नावाची भानगड नाही. सूत्रधाराचा फोन येतो, "शनिवारी दुपारी दीनानाथ, रविवारी गडकरी, मोकळा आहेस ना?" आपण मोकळेच असतो. नाइट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, ठरते, प्रयोग संपल्यावर पाकीट मिळतं. त्यातून कोणी वाटा कापत नाही, कारण कापण्याजोगं त्यात काही नसतं. पण गुडघे बोलायला लागले, दौऱ्याची बस नको वाटायला लागली, तेव्हा सगळे म्हणाले, आता मालिका नि वेब सिरीज कर, आणि त्यासाठी आधी कोऑर्डिनेटर धर. म्हणजे तोच जुना एजंट. तो पंधरा-वीस टक्के घेतो. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात. नव्वदीनंतर ते का आले नाहीत हे विचारायचे फोन मात्र आपणच करायचे.

तर त्या बंगल्याच्या व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर मी बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ. पन्नाशी ओलांडलेले, कपाळाला गंध, मांडीवर पिशवी. पिशवीतून गांधी टोपीचं टोक बाहेर आलेलं.

"आप मराठी हैं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मैं भी मराठी करता हूँ," ते म्हणाले.

मूळ कानपूरचे. बँकेतून निवृत्त होऊन हौसेनं या धंद्यात आलेले. पिशवी उघडून त्यांनी मला सगळं साहित्य दाखवलं: टोपी, उपरणं, जानवं, हवालदाराचा पट्टा, तंबाखूची रिकामी डबी. एवढ्यावर त्यांचं वर्षभर चालतं. हवालदार, सोसायटीचा सेक्रेटरी, मोलकरणीचा नवरा, नगरसेवकाचा पीए.

"आणि पळवलेल्या मुलीचा बाप?" मी विचारलं.

"नहीं नहीं. बाप पंजाबी होता है. हम रपट लिखते हैं."

त्या दिवशीची त्यांची ओळ मोबाईलवर आलेली होती. डोळे मिटून ते घोकत होते: "आयला सायेब, गाडी तर गेला!" मी बराच वेळ सहन केलं. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "गेला नाही, गेली. गाडी ती."

त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "सर, वो किताबवाली मराठी है. 'गेली' बोलूँगा तो लगेगा मास्टर है. मास्टर का रोल बंगाली को जाता है."

मग म्हणाले, "आप बोलके दिखाओ."

आता मला राज्य नाट्य स्पर्धेचं रौप्यपदक आहे. शिवाजी मंदिरच्या शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय आवाज गेलेला आहे. मी उभा राहिलो, श्वास घेतला, 'सायेब'नंतर छोटा पॉझ घेतला, 'गेली'वर आवाज उतरवला. त्या पॉझमध्ये हवालदाराची बायको, कर्ज, बदलीची भीती, सगळं होतं.

त्यांनी मान तिरकी करून विचार केला. "ॲक्टिंग बढ़िया है. लेकिन मराठी नहीं लग रहा."

तेवढ्यात चहावाला आला होता. रत्नागिरीचा माणूस, आत्ताच मला "साखर कमी चालेल ना?" विचारून गेलेला. त्यानेही मान डोलावली. "ह्यांचं जास्त मराठी वाटतं," तो म्हणाला.

पुढची वीस मिनिटं कानपूरकरांनी मला मराठी शिकवलं. वाक्याच्या सुरुवातीला 'आयला', शेवटी 'काय', अधूनमधून कपाळावर हात आणि 'अरे देवा'. मी गिरगावातल्या चाळीत वाढलो. आमच्याकडे जेवताना 'आयला' तोंडातून गेलं की आई ताट उचलून न्यायची. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "तभी. आपकी प्रैक्टिस नहीं है."

मला तेव्हा, काही कारण नसताना, अण्णा साळुंके आठवले. फाळक्यांना 1913च्या पहिल्या चित्रपटासाठी तारामती मिळेना. नाटकातल्या बायकाच काय, कोठीवरच्याही तयार होईनात. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारा हा नाजूक हातांचा मुलगा त्यांना दिसला. पगार दहाचा पंधरा केला म्हणतात आणि झाली तारामती. पुढे 1917च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यानेच केले. आजच्या हिशेबाने त्या पंधरातले सव्वादोन रुपये कोऑर्डिनेटरचे. आणि चहा देता देता निवडला जाणारा माणूस आज दारातूनच 'नॉट फिट' ऐकून परत गेला असता, कारण आचाऱ्याच्या रोलला आचारीच कशाला हवा?

आत बोलावलं. इंट्रो दिला: नाव, उंची, राहणार. डावी प्रोफाइल, उजवी प्रोफाइल, हात पुढे, हात उलटे. हात का बघतात हे मला अजून कळलेलं नाही. रौप्यपदकाचं सांगितलं तर ती म्हणाली, "ओके, आणि रील आहे?" नाटकाचं रील कुठून आणू? चौथ्या रांगेतल्या काकांनी मोबाईलवर चोरून शूट केलेला एक तुकडा आहे. त्यात मी कमी आणि पुढच्या माणसाचं टक्कल जास्त आहे. मग ते वाक्य आलं. ऑलरेडी आहेत. बाहेर बसलेत.

कानपूरकरांवर राग नाही. नटाने काहीही व्हावं. मी रंगमंचावर पेशवा झालो, पारशी झालो, एकदा तर पठाण झालो, आणि पठाण कुठे तक्रार करायला आला नाही. राग याचा आहे की हा व्यवहार एकाच बाजूने चालतो. ते मराठी होऊ शकतात; मला मात्र कोणी पळवलेल्या मुलीचा पंजाबी बाप करणार नाही, डॉक्टर करणार नाही, नुसता शहरात राहणारा एक माणूस करणार नाही. हवालदार एवढीच माझी जागा, आणि तीही भरलेली. अख्खी गोष्ट मुंबईत घडते, दादरला पाऊस पडतो, लोकल सुटते, आणि मराठी माणूस एकच, रपट लिहिणारा. त्या एकासाठी प्रत्येक एजन्सीने एकेक अंकल ठेवलाय. हे कोण ठरवतं विचारलं तर सगळे वरच्या मजल्याकडे बोट दाखवतात. आराम नगरातल्या त्या बैठ्या बंगल्याला वरचा मजलाच नाही.

निघताना कानपूरकरांनी माझा नंबर घेतला. काल रात्री साडेअकराला त्यांचा व्हॉइस मेसेज. रोल मिळाला होता. ओळ तीच, फक्त आता 'गेली' म्हणाले होते, माझ्याखातर. खाली लिहिलं होतं: 'सर, डायरेक्टर बोल रहा है, थोड़ा और मराठी चाहिए. क्या करूँ?'

मी लिहिलं, "परत 'गेला' म्हणा."