लॉटरी म्हणे!

सकाळी सकाळी डोकं फिरलं. शाळेच्या ग्रुपवर एकानं टाकलं, पहलगामच्या अतिरेकी हल्ल्यात माणूस गेलेल्यांना ५० लाख दिले सरकारनं, नोकरी पण, लॉटरीच लागली बे. खाली तिघांचे हसणारे इमोजी. लाज वाटत नाही का रे?

माझा मामा २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटीवर होता. मावशीकडं बारशाला गेलेला, सिद्धेश्वर एक्सप्रेसनं परत यायचं म्हणून हॉलमध्ये बॅगेला टेकून बसलेला. गोळी गुडघ्याच्या वर लागली. वाचला. पण हॉस्पिटलात कपडे कात्रीनं कापून काढले आणि तिकीट शर्टाच्या खिशात! मग जिथं जाईल तिथं पहिला प्रश्न, तिकीट कुठाय? रेल्वेच्या कायद्यात अतिरेकी हल्ल्याची भरपाई आहे, अगदी प्लॅटफॉर्म तिकीटवाल्याला पण, पण दाखवायचं काय, कापलेला शर्ट? २०१८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं म्हणे की नुसतं तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं होत नाही. १० वर्षांनी. काय करायचं त्याचं आता.

आणि ते ५० लाख राज्यानं महाराष्ट्रातल्या आपल्या सहा घरांसाठी प्रत्येकी ठरवले, चांगलंच केलं. अतिरेकी हल्ल्यात सापडलेल्यांसाठी केंद्राची कायमची योजना आहे ती २००८ ला ३ लाखाची होती, २०१६ पासून ५ लाख, ते पण तीन वर्षं एफडीत, हातात फक्त व्याज. जखमीला मिळायला अपंगत्व ५० टक्के पाहिजे. मामाच्या सर्टिफिकेटवर ४०. पावरलूमवर बारा तास उभं राहून चार मागांमधनं फिरायचं काम त्याचं. ४० टक्के पाय गेला म्हणता ना, मग उरलेल्या ६० टक्के पायावर एक पाळी करून दाखवा की कुणीतरी!

बरं, खोटे दावे करणारे पण असतात, तपासायला लागतंच, मान्य.

ज्यानं मेसेज टाकला त्याचे वडील पण लूमवरच होते, मामाच्या हातची भजी खाल्लीत त्यानं आमच्या ओट्यावर बसून. मनानं वाईट नाही तो. फॉरवर्ड केलं असेल न वाचता. तरी पण राग जात नाही.

मामा परवा अक्कलकोटहून आला. चहा ठेवला तर आधी खिशातनं एसटीचं तिकीट काढलं, बोटानं सरळ केलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं. ती पिशवी आता फुगलीय.