नावापुरताच अ‍ॅडजस्टेबल
पाण्याचे जार ठेवायच्या रॅकवर मोठ्या अक्षरांत ‘अ‍ॅडजस्टेबल’ लिहायचं आणि फळी जरा वर घ्यायची म्हटली की अख्खा रॅक रिकामा करायला लावायचा, हा काय प्रकार आहे? २० लिटरचा भरलेला जार म्हणजे २० किलोच्या वर वजन. ते सगळे उतरवा, क्लिपा ठोकून काढा, त्यात एखादी हमखास वाकलेली! बरं, खाचा इतक्या लांब लांब की एका खाचेत जारची मान अडकते, पुढचीत वीतभर जागा वाया. डिस्पेन्सर ठेवावा तर नळाखाली ग्लास सरळ जात नाही. तिरका धरला की पाणी फळीवर, आणि तिथंच गंज. एका फळीला किती किलो झेपतात, हे तर कुठंच छापलेलं नसतं. अहो, भरलेले जार ठेवायचेत त्यावर, निदान तेवढा आकडा तरी छापा!