पळसाला पानं शून्य

भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात २ फेब्रुवारी २०२५ च्या चौकोनात 'वसंत पंचमी' असं छापलेलं होतं. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत पंक्ससटॉनी नावाच्या गावी फिल या ग्राउंडहॉगला, म्हणजे घुशीच्या श्रीमंत मामाला, कोट-टोपीवाली माणसं पहाटे बिळातून बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे. त्या वर्षी ती दिसली. टीव्हीवरची मंडळी हळहळली. इथे मिनियापोलिसात मी हात जोडले. सहाच आठवडे? तुझ्या तोंडात साखर पडो रे बाबा!

कुठेही गेलात तरी पळसाला पानं तीनच, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणारा फेब्रुवारीत मिनेसोटाला आलेला नसावा. इथे तेव्हा पाईनची जमात सोडली तर कुठल्याच झाडाला पान नसतं. मी मूळची अमरावतीची. तिथून मेळघाटाकडे निघालं की याच दिवसांत पळस नुसता पेटलेला असतो. तो केशरी रंग कसा मिसळायचा ते मला पाठ आहे, दिसत मात्र नाही.

आईला फोनवर म्हटलं, "वसंताची फार वाट बघतेय गं."

"कोणता वसंत? शेजारचा?"

तिचंही खरं आहे. विदर्भात वसंत येतो कधी आणि जातो कधी? स्वेटर पेटीत गेला की कूलर माळ्यावरून खाली. म्हणजे मी ज्याच्यासाठी झुरते आहे तो मी तिकडेही कधी धड पाहिलेला नाही. पण झुरायला ओळख लागतेच असं कुठे आहे?

मी जलरंगात काम करते. हिवाळ्यात गिऱ्हाइकांना बर्फाचीच चित्रं हवी असतात, आणि जलरंगात बर्फ रंगवत नाहीत, कागद कोरा सोडतात. गोठलेल्या तळ्याचं एक मोठं चित्र मार्चअखेर द्यायचं होतं. नवरा येता-जाता बघायचा आणि विचारायचा, "सुरू केलंस का?" निम्मं झालेलं असायचं.

कोरा कागद सोडण्याचे पैसे घेऊन कंटाळलेला माणूस दुसरं काय करणार? मी बागेचा आराखडा काढायला घेतला. मागच्या अंगणात आठ फूट बाय बारा फुटांचा तुकडा आहे, असं नवरा सांगतो. नोव्हेंबरपासून तो बर्फाखाली असल्यामुळे पुरावा नाही. जांभळ्या वांग्यांशेजारी पिवळा झेंडू, लाल टोमॅटोमागे मेथीचा हिरवा, कोपऱ्यात अळूची गडद सावली. अकरा प्रकारचे हिरवे मिसळले. तीन दिवस खपून चित्र असं झालं की मीच हरखले. नवऱ्याने ते हातात घेऊन बराच वेळ न्याहाळलं.

"सुंदर. पण यात चालायचं कुठून?"

पायवाट राहिली होती. शिवाय भोपळ्याचा वेल मी केवळ रचनेचा तोल साधावा म्हणून डावीकडे सोडला होता. तो वाढला असता तर शेजाऱ्यांच्या गॅरेजात निघाला असता.

तरी इथवर सगळं कागदावर होतं. संकट आलं ते बियांच्या पाकिटांतून. त्यांवर स्पष्ट लिहिलेलं असतं की शेवटच्या गोठवणाऱ्या रात्रीच्या ६ ते ८ आठवडे आधी घरात पेरा. आमच्याकडे ती रात्र मेच्या मध्यापर्यंत कधीही येऊ शकते. ("मे महिन्यात लावणी?" आई म्हणाली. "मे महिन्यात इथे माणसं घराबाहेर निघून नाही राहिली.") म्हणजे पेरायचं मार्चच्या मध्यानंतर. मी फेब्रुवारीतच पेरलं. बहात्तर खळग्यांचा ट्रे, मग दुसरा.

चित्रकाराला उत्तरेचा स्थिर उजेड हवा असतो आणि रोपांना दक्षिणेचं ऊन. आमच्या घराला मोठी खिडकी एकच, दक्षिणेची. ती इतकी वर्षं माझीच होती. आधी तिथे कढीपत्त्याची कुंडी आली, 'थंडीपुरती'. मग एक ट्रे. मग दुसरा. मार्चमध्ये मी माझ्या रंगांसकट इस्त्रीच्या टेबलावर होते आणि माझ्या टेबलावर टोमॅटो राहत होते. तेही सुखात नव्हते. उजेड पुरेना, म्हणून काचेकडे माना ताणून लांबलचक, फिकट, माणसाने जोरात श्वास सोडला तरी आडवे होतील असे वाढले. त्यात मी ब्रश धुतलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून एका ट्रेत ओतत होते. एका रात्री नवऱ्याने ट्यूबवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली. कॅडमियम यलो. विषारी धातू. तो ट्रे मातीसकट कचऱ्यात गेला. त्यानंतर दोन दिवस नवरा चहा ओतण्याआधी कप उजेडात धरून बघायचा.

पाडव्याला दाराबाहेर गुढी उभारली. धुतलेलं रेशमी वस्त्र जरासं ओलसर होतं. गार वाऱ्यात ते पापडासारखं कडक झालं आणि दिवसभर एकाच दिशेला बघत राहिलं. कडुलिंब कुठून आणायचा?

"गोडलिंब आहे ना तुझ्याकडे?" आई म्हणाली. "नावात लिंब आहे, चालते."

हिवाळ्याने आमच्या कढीपत्त्यावर दोन काड्या आणि मोजून नऊ पानं ठेवली होती. फोडणीसाठी त्यांना हात लावायची घरात बंदी होती. देवाने त्यातली दोन नेली.

तळ्याचं चित्र कसंबसं वेळेत गेलं. एप्रिल सरता सरता अंगणातला तुकडा उघडा पडला. मोजला तर सात बाय दहा. उरलेल्या रोपांना आता बाहेरची सवय लावायची होती. पहिल्या दिवशी तासभर बाहेर, दुसऱ्या दिवशी दोन तास, रात्री पुन्हा घरात. बालवाडीत मूल रमवतात तसं. शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून धीर दिला, "घाई करू नका. २०१८ साली एप्रिलच्या मध्यावर इथे सुमारे १५ इंच बर्फ पडला होता." हे ते अशा अभिमानाने सांगतात, जणू त्यांनीच पाडला.

बर्फ नाही पडला. तिसऱ्या दिवशी ट्रे पायरीवर ठेवून मी चहा टाकायला आत गेले. परत आले तर झेंडूंसमोर एक ससा बसलेला. ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने मान वळवली. तिरपं ऊन कानातून आरपार गेलं आणि कान आतून केशरी पेटला. थेट पळस! तोंड मिटलं आणि वही उघडली.

असं मॉडेल मला आजवर मिळालं नव्हतं. वीस मिनिटं जबड्याखेरीज काहीही हललं नाही. मी कानाचा दुसरा हात देत होते तेव्हा तो शेवटच्या ओळीवर होता. नवरा मागे येऊन उभा राहिला. त्याने आधी चित्र पाहिलं, मग ट्रे.

"हाकललं का नाहीस?"

"थांब," मी म्हटलं, "मिशा राहिल्यात."