'वापरून घेतलंत' या शब्दाबद्दल

नमस्कार,

माझ्या चुलत बहिणीवर, अक्कावर, लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. नर्मदेच्या पाण्याचं साल चुकलंय, मराठी हिंदाळलेली आहे, आणि तिसरी: 'दोन खोल्यांत पंधरा माणसं कोंबून त्या मुलीला तुम्ही सगळ्यांनी वापरून घेतलंत, आता तिच्या माघारी गोडवे गाताय.'

साल चुकलं, मान्य. नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ साली आलं, मी १९७६ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय. भाषेचं म्हणाल तर इतकी वर्षं माळव्यात काढल्यावर ती अशीच होते, त्यावर मी वाद घालत बसणार नाही.

पण 'वापरून घेतलंत'? गेलेल्या माणसाच्या घरच्यांना असं बोलतात का हो?

१९७२च्या दुष्काळात हिंगोलीकडची आमची कोरडवाहू जमीन करपली. मोठे काका आधीपासून इंदूरला मिलमध्ये होते. त्यांनी पोस्टकार्ड टाकलं, 'सगळे या.' आम्ही सगळे गेलो. काकांच्या दोन खोल्या होत्या, त्यांनी आधी मोजून पाहिल्या नाहीत. अक्का त्यांची थोरली. तिच्या अंथरुणात त्या रात्रीपासून मी.

नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर पंपानं चढवून आणतात. ते आल्यावरही आमच्या गल्लीत नळ रात्री अडीचलाच यायचा. अक्का उठायची. चौदा वर्षांची होती. हो, त्यात तिची नववी सुटली. मी ते एका ओळीत लिहिलं आणि तुम्ही नेमकी तेवढीच ओळ उचललीत. पण ती नळावर असायची तेव्हा बाबा रात्रपाळीत उभे असायचे, आई आणि काकू चार वाजताच्या डब्यांची कणीक मळत असायच्या. वापरून घेणारा माणूस मोकळा बसलेला असतो. आमच्या घरात मोकळं कोण होतं, दाखवा मला.

लेखात नसलेलं एक सांगते. उन्हाळ्यात गावाहून परतताना छोट्या लायनीची (मीटरगेज) गाडी कालाकुंडला थांबायची. पुढे घाट, म्हणून मागून दुसरं इंजिन जोडायचे. तिथे पानात कलाकंद मिळतो. बाबांनी एकच पान घेतलं, आम्ही पोरं नऊ. अक्कानं परकराच्या शिवणीतून दोरा ओढला, दोन्ही हातांच्या बोटांत ताणून धरला आणि त्या वडीचे तुकडे पाडले. अगदी एकसारखे, आठ. मग दोरा चाटला आणि खिडकीबाहेर टाकला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मागितलंही नव्हतं. याला तुम्ही काय नाव देणार आहात?

मला टायफॉईड झाला तेव्हा ती रात्र रात्र उशाशी बसली. मिल बंद पडली त्या वर्षी माझी कॉलेजची फी तिनं ब्लाउज शिवून भरली, तेव्हा तिला स्वतःची दोन मुलं होती. मी बी.ए. झाले ती तिच्या शिलाईवर. म्हणजे मीसुद्धा वापरून घेतलं, असंच ना? मग सरळ माझं नाव घेऊन लिहा. 'तुम्ही सगळ्यांनी' म्हणून माझ्या मेलेल्या काका-काकूंना कशाला ओढता? ज्याला लहानपणापासून स्वतःची खोली मिळाली, त्यानं आमच्या पंधरा माणसांचा हिशेब करू नये.

बाकी तुम्ही शहरीकरण, स्थलांतर वगैरे जे लिहिलंय, ते असेल बरोबर. मला त्यात पडायचं नाही.

तो लेख अक्काच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी टाकला होता. तिची मुलं माझं सगळं लिहिलेलं वाचतात. थोरल्याचा काल फोन आला, "मावशी, ती प्रतिक्रिया काढून टाक ना." मी नाही म्हटलं. राहील तिथेच. फक्त पुन्हा लिहाल तेव्हा 'ती मुलगी' लिहू नका. घरात काकासुद्धा तिला अक्काच म्हणायचे.