पाच पाटील आणि एक टँकर

आमच्या सोसायटीचा महाराष्ट्र दिन वर्षानुवर्षं ठरलेला आहे. सकाळी झेंडावंदन, मग गार झालेले वडापाव, संध्याकाळी लहान मुलींचं कोळीनृत्य. यंदा सांस्कृतिक समितीच्या बैठकीत सेक्रेटरींच्या मुलानं तोंड उघडलं आणि माझा मे महिना नासला.

हा मुलगा बंगळुरूला नोकरीला असतो. तिथे शनिवार-रविवार कुठल्याशा वर्गाला जाऊन तो इम्प्रोव्ह शिकून आला होता. म्हणजे नाटक असतं, पण संहिता नसते. प्रेक्षकांनी एखादा शब्द फेकायचा आणि नटांनी त्यावर उभ्या उभ्या तासाभराचा खेळ रचायचा.

"काका, त्यात एखादा जुना सिनेमाचा प्रकार धरतात. तिकडे काळ्या-पांढऱ्या हेरपटांवर करतात. आपण तमाशापट घेऊ!"

'संहिता नाही' हे ऐकताच खजिनदारांचा चेहरा उजळला. लेखकाला पाकीट नाही, झेरॉक्सचा खर्च नाही, आणि पाठांतर नाही म्हटल्यावर तालमी चारच, म्हणजे चहाही चारच वेळा. ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. लिफ्टला रंग कोणता द्यायचा हा ठराव आमच्याकडे चौदा महिने चालू आहे.

दिग्दर्शक मी. कारण कॉलेजात असताना एका एकांकिकेत मी दार उघडणाऱ्या नोकराचं काम केलं होतं आणि ही गोष्ट मी दरवर्षी कुणाला ना कुणाला ऐकवतो. केल्या कर्माची फळं याच सोसायटीत भोगावी लागतात.

तमाशापट म्हणजे काय, हे पन्नाशीच्या पुढच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आला आणि ढोलकीला पडदा सापडला. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' तर पुण्याच्या विजयानंद थिएटरला सव्वाशेहून जास्त आठवडे मुक्काम ठोकून होता. माझ्या आत्यानं तो सात वेळा पाहिला. सातही वेळा ती रडली आणि दरवेळी वेगळ्या ठिकाणी, असं ती अभिमानानं सांगते. पुढची कित्येक वर्षं मग मराठी पडद्यावर कुणी ढोलकी खाली ठेवली नाही. गोष्टही ठरून गेली. गावात फड येतो. पाटलाची मिशी थरथरते. घरी सोशिक पाटलीण तुळशीपुढे दिवा लावत असते, तो वाऱ्यानं विझतो. वाड्यावर पापी कारभारी असतो. एक सज्जन मास्तर असतो, त्याचं पुढे काही खरं नसतं.

शिकागोचं 'सेकंड सिटी' हे अशा उत्स्फूर्त नाटकांचं नावाजलेलं थिएटरही १९५९ सालीच सुरू झालं, ही माहिती सेक्रेटरींच्या मुलानं पुरवली. त्यावर सगळे म्हणाले, "बघा! योग आहे!" आमच्याकडे योग एकदा निघाला की माघार घेता येत नाही.

खरं तर त्यासाठी शिकागोपर्यंत जायची गरज नव्हती. आपल्या तमाशातला वग, म्हणजे त्यातलं नाटक, पूर्वी कागदावर कुठे असायचं? फडाच्या सरदारानं कथानक सांगायचं, पदं बांधलेली असायची, बाकीचं बोलणं बोर्डावर उभं राहून सुचेल तसं. भर खेळात गावच्या पाटलाला चिमटा काढायचा आणि वर त्याच्याच खिशातून दौलतजादा, म्हणजे खूश होऊन दिलेली बक्षिसी, काढायची, हे सोंगाड्याचं कसब. हे मी बैठकीत सांगितलं. "मग झालं तर, आपल्या रक्तातच आहे," असं म्हणून मंडळी उठली.

रक्तात काय आहे ते पहिल्या तालमीला कळलं.

इम्प्रोव्हचा पहिला नियम 'हो, आणि…' असा आहे. समोरचा जे बोलेल ते मान्य करायचं आणि त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला 'घोडा उधळला' की आपण म्हणायचं, 'हो, आणि त्यावर धाकले सरकार बसलेत!' ऐकायला सोपं वाटतं. मराठी माणसाच्या मात्र बोलण्याची सुरुवातच 'नाही, पण' नं होते. आमच्याकडे लोक एकमेकांची नावं लक्षात ठेवत नाहीत, फ्लॅटचे नंबर ठेवतात, तेव्हा त्या नंबरांनीच सांगतो.

सी-१०२ धावत आले. "पाटील, पाटील, नदीला पूर आलाय!"

ए-४०१ म्हणाले, "कोण म्हणतं? मी आत्ताच तिकडून आलो."

खेळ खलास. सेक्रेटरींच्या मुलानं नियम पुन्हा समजावला. पुन्हा पूर आला. या खेपेला ए-४०१ नं बराच प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. "हो, आणि…" म्हणाले, थांबले, आणि अखेर न राहवून, "पण एवढा काही मोठा नाहीये."

घरी येऊन मी हे बायकोला रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तेवीस वर्षांत तुम्ही तरी मला कधी 'हो, आणि' म्हणालात का?"

"हो, पण—" मी म्हणालो.

भूमिका वाटताना आणखी एक घोळ. पुरुष तेवढे सगळे पाटील व्हायला तयार. मास्तर कुणालाच नको, कारभारी नको, नाच्या तर नावच काढू नका. समजूत घालून घालून शेवटी पाच पाटील उरले, त्याखाली आकडा येईना. बायकांत आधी "आम्ही नाही बाई बोर्डावर नाचणार" असं झालं. मग बी-३०४ वाल्या वहिनींनी शिवलेली तयार नऊवारी मागवल्याचं फुटलं, आणि दुसऱ्या दिवशी नाचणारणी सात झाल्या. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. निघाल्या त्या ३०४ च. त्यांनी मला व्हॉट्सॲपवर विचारलं, 'चाळ कुठे मिळेल?' मी लिहिलं, 'ठाण्यात आता कुठल्या चाळी, सगळ्यांचे टॉवर झाले.' त्या घुंगरांबद्दल विचारत होत्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

ढोलकीवाला तेवढा बाहेरून आणला. कल्याणचे एक मामा. तरुणपणी फडात वाजवलेलं, आता लग्नाच्या हळदीला आणि ऑर्केस्ट्रात वाजवतात. त्यांनी ढोलकीच्या दोऱ्या आवळत विचारलं, "वग कंचा?"

ठरलेला नाही, असं आम्ही सांगितलं. मग सेक्रेटरींच्या मुलानं त्यांना दहा मिनिटं इम्प्रोव्ह समजावून सांगितला. उत्स्फूर्तता, विश्वास, क्षणात जगणं, सगळं. मामा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी आपलं नेहमीचंच." आणि सुपारीचे निम्मे पैसे आधी मागितले. उरलेले निम्मे खेळ झाल्यावर. खजिनदारांनी निम्मे मोजून दिले. चार वेळा मोजले.

१ मे. संध्याकाळी सात वाजता क्लब हाऊससमोर मांडव. उकाडा असा, की फेट्याच्या आत भात शिजावा. पाच पाटलांना पाच झुबकेदार मिशा चिकटवल्या होत्या, त्या घामानं हळूहळू प्रवासाला निघाल्या होत्या. मामांनी एकट्यानं गण म्हटला, ढोलकी अशी वाजवली की पहिल्या रांगेतली पोरं मोबाइल विसरली, आणि माझ्या मनात आलं, इथेच थांबावं, प्रसाद वाटावा आणि घरी जावं.

पण सेक्रेटरींचा मुलगा माइक घेऊन पुढे झाला. "एक शब्द द्या! कुठलाही एक शब्द!"

आम्ही 'प्रेम', 'घोडा', 'विहीर' यांची तयारी ठेवली होती. मागून आवाज आला, "पार्किंग!" दुसरा, "सिंकिंग फंड!" तिसरा एका बाईंचा, दमलेला, "पाणी."

त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून त्यानं 'पाणी' उचलला. तो बंगळुरूला राहतो, त्याचा दोष नाही. मे महिन्यात आमच्या घोडबंदर रोडवर पाण्याचं नाव काढणं म्हणजे लग्नघरात नवरीच्या मोडलेल्या स्थळाचं नाव काढणं.

पहिले पाटील म्हणून सेक्रेटरी आले. "गावात दुष्काळ पडलाय!" टाळ्या. लगेच खजिनदार आले, "मी या गावचा पाटील!" नियमानुसार मान्य करणं भाग. मग ए-४०१, मग उरलेले दोन. एका गावात पाच पाटील, रयत शून्य. सगळे एकमेकांकडे बघत उभे. एवढ्यात ए-४०१ ना वाचा फुटली. हे गृहस्थ वार्षिक सभेत विरोधी बाजूला बसतात.

"पाटील, दुष्काळ कसा पडला? टाकी साफ करण्याचे अठरा हजार घेतलेत, ते गेले कुठे?"

"हो, आणि…" सेक्रेटरी चाचरले. मग त्यांच्यातला खरा माणूस बाहेर आला. "नाही, पण त्याचं बिल लावलंय फाइलला!"

इथून पुढे वीस मिनिटं जे झालं त्याला तमाशापट म्हणता येणार नाही. ती फेटे बांधलेली वार्षिक सभा होती. खजिनदारांनी कमरेची तलवार काढून ठेवली आणि माइक मागून घेऊन जमाखर्च वाचायला घेतला. प्रेक्षकांतून पुरवणी प्रश्न येत होते. मी विंगेतून 'लावणी, लावणी' असे हातवारे करत होतो. ३०४ वहिनी बिचाऱ्या एकेका पायात शंभर घुंगरांची चाळ बांधून तयार. त्यांनी पाऊल पुढे टाकलं, छुम्म वाजलं, की कुणीतरी म्हणे, "एक मिनिट वहिनी, सिंकिंग फंडाचं राहिलंच." असं पाच वेळा झालं. खरं सांगायचं तर आमचा कुठलाही कार्यक्रम इतका रंगलेला मी पाहिला नव्हता. मागच्या रांगांतले लोक खुर्च्या उचलून पुढे आले होते.

आणि सेक्रेटरींची मिशी सुटली. पूर्ण नाही. डावीकडून सुटली आणि उजवीकडे लोंबू लागली. तमाशापटात पाटलाची मिशी म्हणजे पाटलाची अब्रू. मांडव एकदम गप्प.

ढोलकीवर थाप पडली. मामा ढोलकीसकट मधोमध येऊन उभे.

"पाटील, आधी मिशी धरा. पान्याचं मागनं बघू."

मांडव फुटला. मामांनी आवाज चढवला नाही. बोटांनी ढोलकी कुरवाळत एकेका पाटलापुढे गेले, निरखून पाहिलं, मोजलं. "एक पाटील. दोन पाटील… पाच पाटील. मंग रयत कोन? मी एकलाच?" थाप. "मंग कशाला भांडताय? माझ्यापुरता तांब्या हाय माझ्यापाशी!"

ए-४०१ हसले. सभासद झाल्यापासून पहिल्यांदा. मामांनी मानेनं खूण केली आणि ३०४ वहिनी अखेर पुढे आल्या. लावणी बांधलेली नव्हती, तिथल्या तिथे म्हणायची होती. त्यांनी पदर खोचला, एक गिरकी घेतली आणि सुरात म्हणाल्या, "अहो पाटील, माझी रिकामी घागर…"

तेवढ्यात गेटकडून आवाज आला. पीं. पीं. पीं.

मागे येणाऱ्या टँकरचा. मामांनी एक क्षण कान दिला आणि ढोलकी त्या पीं-पींवर बसवली. वहिनींचे पाय त्या ठेक्यात पडले. सी-१०२, ज्यांनी चार तालमींत एकदाही नियम पाळला नव्हता, ते विंगेतून हर्षानं ओरडत आले, "हो! आणि टँकर आलाय!"

आख्ख्या खेळातलं हे एकमेव अस्सल 'हो, आणि'. त्यानंच घात झाला. टँकर आला की अर्धा तास वरच्या टाकीत पाणी सोडतात, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. दीडशे खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज झाला आणि लोक जिन्यांकडे धावले, कारण लिफ्टमध्ये चारच माणसं मावतात. चार पाटीलही गेले. सेक्रेटरींना चलनावर सही करायला जावंच लागलं. ड्रायव्हरनं फेटा बघितला, अर्धी मिशी बघितली आणि विचारलं, "शूटिंग चालू आहे काय साहेब?"

मांडवात मी, मामा, वहिनी आणि गुडघेदुखीमुळे उठू न शकलेल्या डी-विंगच्या आजी. मामा वाजवत राहिले, वहिनी नाचत राहिल्या. मांडव रिकामा झाल्यावरच त्यांचं अंग मोकळं झालं. आजींनी बटव्यातून दहाची नोट काढून माझ्या हाती दिली. मी ती दौलतजादा म्हणून वहिनींना नेऊन दिली, त्यांनी रीतसर मुजरा केला, आणि चाळीचं माझ्याकडून झालेलं तेवढं मिटलं.

पाऊण तासानं खजिनदार खाली आले. फेटा तसाच, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. मामांनी ढोलकीला खोळ चढवली आणि हात पुढे केला.

"सुपारीचे राहिलेले द्यायचे ना, साहेब?"

"हो," खजिनदार म्हणाले.

आम्ही सगळे पुढच्या शब्दाची वाट बघत उभे राहिलो.