‘मागे बघायचं काम मागच्याचं’: आरसे काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. ‘बाइकचे आरसे : सुरक्षितता की नुसती सवय?’ असं भारदस्त शीर्षक, खाली हात जोडलेले इमोजी आणि सात-आठ मुद्दे. सार एवढंच की दुचाकीला आरशांची गरज नाही, उलट ते धोक्याचे आहेत, काढून टाका. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो दोनदा येऊन गेला, मी काणाडोळा केला. पण आता माझ्या भाच्याने, लायसन्स हातात पडून धड महिना झालेला नसताना, नव्याकोऱ्या गाडीचे दोन्ही आरसे काढून कपाटात ठेवलेत. आईने विचारलं तर तिलाच हा मेसेज वाचून दाखवला. आता उत्तर देणं आलं.

ज्या मुद्द्याने डोकं फिरलं तो आधी घेतो. मेसेज म्हणतो, मागून धडक बसली तर चूक नेहमी मागच्याचीच असते. म्हणून आपण फक्त पुढे बघायचं, मागे बघायचं काम मागच्याचं.

बरं, चूक मागच्याची. मग? पंचनाम्यात डंपरवाल्याची चूक लिहून आली म्हणून मोडलेला खुबा आपोआप सांधतो का? आणि चूक दरवेळी मागच्याची असते हे तरी कुणी सांगितलं? तुम्ही न बघता आडवे गेलात, तर तो बिचारा ब्रेकवर उभा राहिला तरी काय करणार?

आपल्याकडे दुचाकीवाला सरळ रेषेत जातच नाही. हा दोष देत नाहीये, रस्ताच जाऊ देत नाही. खड्डा, वर आलेलं चेंबरचं झाकण, अर्धा रस्ता अडवून प्रवासी घेणारी रिक्षा, राँग साइडने बिनधास्त येणारा दुधवाला. दर थोड्या अंतरावर हँडल हातभर उजवीकडे जातं. त्या हातभर जागेत त्या क्षणी दुसरं कुणी आहे का, सगळा प्रश्न एवढाच. आणि खड्डा दिसल्यावर त्याचं उत्तर शोधायला वेळ नसतो, ते आधीपासून ठाऊक असावं लागतं. आरसा त्यासाठी असतो. तो संकट आल्यावर बघायचा नसून आधी बघून ठेवायचा असतो, आणि मेसेज लिहिणाऱ्याला नेमकं हेच कळलेलं नाही.

हिशेब करून बघा. तुम्ही ताशी ४० ने चाललाय, मागून बस ६० ने येतेय. फरक ताशी २० किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मीटर. आत्ता २८ मीटर मागे असलेली बस पाच सेकंदांत तुमच्या कोपराशी. जो दर चार-पाच सेकंदांनी आरशावर नजर टाकतो त्याला ती येताना दिसलेली असते. तो वेग कमी करतो, खड्ड्यात जातो, कंबरेला गचका बसतो, महापालिकेला शिव्या घालतो आणि घरी जातो. आरसा नसलेला मात्र खड्डा चुकवतो. अगदी सफाईने चुकवतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशभरातल्या अपघातांचा अहवाल काढतं. २०२२च्या अहवालात त्या वर्षी रस्त्यावर मेलेल्यांचा आकडा आहे १,६८,४९१. त्यांतले ७४,८९७ दुचाकीवरचे, म्हणजे ४४.५ टक्के. धडकेच्या प्रकारांमध्ये ‘मागून धडक’ हा सगळ्यात मोठा गट, एकूण मृत्यूंच्या जवळपास एक पंचमांश. आता या गटात सगळ्या प्रकारची वाहनं येतात, आणि रात्री उभ्या ट्रकवर मागून जाऊन आदळलेले बाइकवालेही येतात. त्यांना आरशाने वाचवलं नसतं, हे कबूल. पण ते वजा करूनसुद्धा ‘मागून काही येत नाही’ असं म्हणायला जागा उरत नाही.

इथे मेसेजवाले खिशातून हुकमाचं पान काढतात : ‘अमेरिकन संशोधनाने सिद्ध केलंय की ७५ टक्के धोके समोरूनच येतात.’ हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच जास्त वैताग येतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली होती, १९८१ साली अहवाल आला. त्यात खरोखरच म्हटलंय की तीन चतुर्थांशाहून जास्त अपघातांत धोका समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत होता. ठीक. पण म्हणून आरसे काढा, असं त्यातून निघत नाही. तिथला नेहमीचा अपघात म्हणजे समोरची मोटार अचानक वळून आडवी येणं. तिथे मोटरसायकल बाकीच्या गाड्यांच्या वेगाने किंवा त्याहून जोरात जाते. आपल्याकडची शंभर सीसीची गाडी हायवेवर डाव्या कडेने जात असते आणि एसटीपासून टँकरपर्यंत प्रत्येक जण तिला मागून गाठून पुढे जातो. शिवाय त्याच अहवालात हेही आहे की डोक्याची इजा टाळण्यात हेल्मेटइतकं निर्णायक दुसरं काहीच नाही. हे वाक्य कुणी फॉरवर्ड केल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

पुढचा मुद्दा, ‘आरसा अर्धवट दाखवतो, मान वळवून बघणं हेच खरं.’ यात अर्धं सत्य आहे, देऊन टाकतो. आरशात न दिसणारा एक कोपरा असतोच, आपल्या खांद्याच्या जरा मागे. त्या कोपऱ्यात स्कूटर असेल तर आरसा रिकामा दिसतो. म्हणून वळण्याआधी किंवा लेन बदलण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकायची असते. ब्रिटनमध्ये बाइक शिकवताना त्या नजरेला ‘लाइफसेव्हर’च म्हणतात. पण ती आरशानंतरची नजर आहे, आरशाऐवजीची नाही. ताशी ४० ला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. दर पाच सेकंदांनी मान मागे फिरवणार असाल तर प्रत्येक वेळी अकरा मीटर पुढे न बघता जाणार, आणि मान वळेल तसं हँडलही थोडं त्या बाजूला जातं, नवशिक्याचं तर हमखास. आरशावर नजर गेली तरी पुढचा रस्ता डोळ्याच्या कोपऱ्यात राहतो.

‘मोटोजीपीच्या गाड्यांना आरसे नसतात.’ नसतात. ती बाइकची शर्यत, तिथे सगळे एकाच दिशेने जातात, मागचा वेगवान आला तर कडेला उभा असलेला मार्शल निळा झेंडा दाखवतो, आणि ट्रॅकवर कुत्रं आलं तर शर्यत थांबवतात. पुण्याच्या सिंहगड रोडला संध्याकाळी सात वाजता निळा झेंडा कोण दाखवणार? त्याच कंपन्या रस्त्यावर चालवायची गाडी विकताना आरसे बसवूनच विकतात, हे भाच्याच्या नजरेतून कसं सुटलं कोण जाणे.

‘अपघातात आरशाची दांडी छातीत घुसते’ हा भीतीचा मुद्दा. आरसा ठोकर बसली की मागे वळावा, त्याच्या कडा बोथट असाव्यात, याचे नियम आहेत. युरोपच्या नियमात कडेची गोलाई किमान अडीच मिलिमीटर लागते. यामाहाच्या गाडीचा उजवा आरसा कधी खोलून बघा. त्याला उलटे आटे असतात. कारण उजव्या आरशाला पुढून काही लागलं तर तो ज्या बाजूला फिरतो, त्या बाजूला सरळ आटे आवळत जातील आणि काहीतरी तुटेल. उलटे आटे सैल होतात. नवीन पोऱ्या नेहमीच्या सवयीने पाना फिरवतो आणि आटे मारून बसतो, कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी आरशाच्या ठोकरीचा विचार इतक्या बारकाईने केलाय, आणि आपण कुणीतरी पाठवलेल्या इमोजीवर भरवसा ठेवायचा.

‘कायद्यात आरसा सक्तीचा नाही.’ साफ खोटं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत आरशांची अट आहे, त्यांची मानकं एआयएस-००१ आणि एआयएस-००२ या नावांनी आहेत, आणि ती पुण्याच्या वेताळ टेकडीवरची वाहन संशोधन संस्था एआरएआय प्रसिद्ध करते. त्याच टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या सद्गृहस्थांनी हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकलाय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर दीड हजारापर्यंत दंड होऊ शकतो. चौकात आरसे नसलेल्या शंभर गाड्या पोलिसासमोरून जातात हे मीही बघतो. त्याने नियम रद्द होत नाही.

बाकीचं भराभर. आरसा थरथरतो, काही दिसत नाही? खालचा नट चौदाच्या पान्याने आवळा. गाडीवर बसून, पाय खाली टेकून आरसा लावा, बाहेरून उभं राहून नाही. त्यात आपला खांदा जेमतेम कडेला दिसला पाहिजे, निम्मा आरसा स्वतःच्या जर्किनने भरलेला नको. आरशात गाड्या लांब वाटतात? बाहेरून फुगीर आरशात वाटणारच, म्हणून एकदा बघून थांबायचं नाही, दुसऱ्यांदा बघितलं की ती किती मोठी झाली ते कळतं. हॉर्न ऐकू येतो, आरसा कशाला? पीएमपीची विजेवरची बस शेजारी येऊन उभी राहीपर्यंत कळत नाही, आणि भाच्याच्या कानात तर कायम गाणी. गर्दीत आरसे अडकतात? कधीकधी अडकतात, खरंय. ज्या फटीत आरसा अडकतो तिथे पुढच्या क्षणी गुडघा अडकणार असतो.

शेवटचा मुद्दा वाचून मात्र हसू आलं : आरसे काढल्याने हवेचा अडथळा कमी होऊन मायलेज वाढतं. शहरात तीस-चाळीसच्या वेगाला तो फरक तुमच्या पेट्रोलच्या पावतीवर दिसणार नाही. मायलेजची एवढी काळजी असेल तर टायरमधली हवा बघा, पंपावर फुकट भरून मिळते.